आकडा तू भर

राजूर, ता. भोकरदन
२ जानेवारी १९९७

सत्यशीला अक्कास,

देवानंदचा जयभीम. तुझं पत्र स्टँडवरच्या मच्छिंद्र पानवाल्याकडं आलं आणि त्यानं ते चार दिवस काताच्या डब्याखाली दाबून ठेवलं. त्याच्या कोपऱ्यावर काताचा डाग पडलाय. डोकं मात्र माझं ते वाचून तसंच लाल झालं.

मानपत्र. डॉक्टर काकासाहेब वरुडकराचं मानपत्र. आणि ते मी रंगवायचं!

अख्ख्या जालन्यात तुला दुसरा पेंटर भेटला न्हाई का? मी इथं पेढ्याच्या दुकानाची पाटी करून राह्यलो. मालक म्हणतो गणपती बारीक कर, पेढे मोठे कर. आता गणपतीच्या गावात गणपती बारीक करायचा म्हणजे काय, पण त्याचंही बराबर आहे, गणपती बघायला लोक देवळात जातात, त्याच्याकडं पेढे घ्यायला येतात. तर सांगत काय होतो, हां, वरुडकर.

मला विसरायला होत न्हाई. सहा वर्षं झाली, संक्रांतीचा दिवस होता. तुझ्या प्रबंधाची चारशे बारा पानं मायनं आपल्या लुगड्याच्या धडप्यात बांधून दिल्ती. वर तिची ती कापसाच्या गाठोड्याची गाठ. वेचणाऱ्या बाया ज्याची त्याची गाठ मारतात, वजनाच्या आधी कोणी हात घातला तर कळावं म्हणून. मायची गाठ म्हणजे दोन फेरे आणि टोक आतल्या अंगाला दडपलेलं. ओढली की आवळते, अंगठ्यानं टोक वर ढकललं तरच सुटते. ते गाठोडं डोक्यावर घेऊन मी तुझ्यामागं विद्यापीठात आल्तो. कापूस वेचताना बाया जी गाणी म्हणतात त्यांचा प्रबंध, म्हणून मला ते ओझं वाटलंच न्हाई.

सकाळी दहा ते दुपारी साडेचार व्हरांड्यात उभं केलं त्यानं आपल्याला. साडेचारला आत बोलावलं आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "हा कोण, हमाल का?"

तू म्हणालीस, "माझा भाऊ आहे सर."

"शिकतो का?"

"बारावी नापास, दोनदा," मीच सांगितलं. तो हसला. मी पेंटर आहे म्हटल्यावर लगेच कामाला लावलं. त्याच्या हाताखाली पीएच.डी. झालेल्यांच्या नावांची पाटी, विभागाच्या दारावर. मी मुकाट्यानं केली. का, तर तुझं गाठोडं त्याच्या टेबलावर होतं.

सहा वर्षं ते तिथंच आहे. तुझे केस पांढरे व्हायला लागले. आणि तू त्याच्या सत्कार समितीची चिटणीस! मी रंगवणार न्हाई. बिलकुल न्हाई.

तुझा
देवा

---

जालना
७ जानेवारी १९९७

प्रिय देवा,

तुझा राग पोचला. आता माझा ऐक.

तुला काय रे, गाव आवडलं नाही की रंगाचे डबे उचलायचे आणि पुढची एसटी धरायची. मला एकाच दारात उभं राहावं लागतं. सर ३१ जानेवारीला निवृत्त होताहेत. मार्गदर्शक म्हणून त्यांची एक सही झाली की प्रबंध विद्यापीठात दाखल होतो. ती झाली नाही तर मार्चमध्ये माझी नोंदणी संपते. दोनदा मुदत वाढवून घेतली, तिसऱ्यांदा मिळत नाही. सहा वर्षं पाण्यात. इथल्या कॉलेजात मी अजून तासावर शिकवते. प्राचार्य दर जूनला म्हणतात, पीएच.डी. आणा, कायम करतो. मी छत्तीस वर्षांची आहे, देवा.

सरांनी स्वतः मला सांगितलंय, "सत्यशीला, जिल्ह्यानं माझा सत्कार ठरवलाय, तो नीट पार पडू दे. दुसऱ्या दिवशी ये, सही करतो." वाचून झालंय त्यांचं. तिसरं प्रकरण अजून कच्चं वाटतं म्हणाले, पण सोडून देतील.

आता विचारशील, तिसरं प्रकरण कितीदा लिहिलंस. चारदा. दरवेळी त्यांनी सांगितलं, "गठ्ठ्यावर ठेवून जा, बघतो." मी ठेवून आले.

समितीतले साहेबराव म्हणत होते मानपत्र छापून घेऊ. सरच म्हणाले, "तिच्या त्या भावाचं अक्षर पाहिजे." त्यांना नाही कसं म्हणू? मानपत्राचा मजकूर सोबत आहे. समारंभ २८ तारखेला, कुलगुरू येणार आहेत. वाचून मी दाखवायचं आहे. अक्षर चुकवू नकोस, आणि स्वतःचं डोकं चालवू नकोस.

मायला पत्र टाकलंय, ती आष्टीहून एकटी येणार आहे. तूही ये म्हणत नाही. तू आलास तर काहीतरी बोलशील.

तुझी
अक्का

---

राजूर
११ जानेवारी १९९७

अक्का,

मजकूर वाचला. तीनदा वाचला. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा बी आलं, तिसऱ्यांदा मी ब्रश फेकला तो पेढेवाल्याच्या कढईत पडता पडता राहिला.

"ज्ञानाच्या या अखंड वाहणाऱ्या निर्झराकाठी किती तृषार्त जीव तृप्त झाले!" असं कोण लिहितं गं? मी सांगतो कोण लिहितं. तोच. हे अक्षर मी विसरीन का? पाटीवरची नावं तो मला असल्याच चिठ्ठ्यांवर लिहून द्यायचा. त्याचा 'र' बघ, पाय आखडून बसल्यासारखा. माणसानं स्वतःचं मानपत्र स्वतः लिहिलं! स्वतःला ऋषितुल्य म्हणून घेतलं! आणि समितीतल्या एकालाही लाज वाटली न्हाई? इथं एक खेळणीवाला आहे तो स्वतःच्या शिट्ट्या स्वतःच वाजवतो, पण त्याला त्या विकायच्या असतात. ह्याला काय विकायचंय?

पण राग त्याचा न्हाई. राग सातव्या ओळीचा आहे. "ज्यांनी चौदा संशोधकांना पीएच.डी.च्या शिखरावर पोचवले."

चौदा कुठून आले? दारावरची पाटी माझ्या हातची आहे. दरवेळी नवं नाव घालायला भिवामामा मला निरोप धाडतो, शिपाई असून त्या विभागात तोच एकटा माणूस आहे. शेवटचं नाव मी मागच्या दिवाळीत घातलं. तेरावं. त्याच्याखाली लाकूड मोकळं आहे. त्या मोकळ्या लाकडाकडं बघत मी घरी गेल्तो, कारण तिथं तुझं नाव यायला पाहिजे होतं.

मंग चौदावं कोण? तूच ना? सही करायची न्हाई, आणि मोजायला मात्र तुला मोजायचं! आपल्या मायचं गाठोडं टेबलावर दाबून ठेवायचं आणि त्याच गाठोड्याचा तुरा डोक्यात खोवून कुलगुरूपुढं बसायचं. हे माझ्या हातून लिहून घेणार तो?

जल्दी उत्तर दे. मी दोन दिवसात जांब समर्थला निघून राह्यलो, देवळाच्या रस्त्याला भिंतींची कामं आहेत. पत्ता तिथल्या पोस्टाचा टाक.

देवा

---

जालना
१५ जानेवारी १९९७

देवा,

हो, मजकूर सरांचाच आहे. सगळ्यांना माहीत आहे. साहेबराव म्हणाले, "बाई, आपण लिहिला असता तरी त्यांनी खोडून हाच घातला असता, वेळ वाचला." मोठी माणसं बऱ्याच वेळा आपलं आपणच लिहून देतात. तुला हे नवीन आहे, आम्हाला नाही.

आणि चौदाचं तू उलटं वाचलंस. रागात असलास की तुला सरळ दिसतच नाही. अरे, त्यांनी मला मोजलं! सहा वर्षांत पहिल्यांदा. सही करायचीच नसती तर कुलगुरूंसमोर वाचल्या जाणाऱ्या कागदावर चौदा लिहिलं असतं का? मी तो आकडा वाचला आणि खोलीत एकटीच हसले. परवा मी बाजारातून मायसाठी पांढरी साडीसुद्धा आणली.

म्हणून हात जोडून सांगते, त्या आकड्याला हात लावू नकोस. जसा आहे तसा लिही. तुझ्या स्वाभिमानापायी माझी सही जाऊ देऊ नकोस. स्वाभिमान मलाही आहे, पण तो मी ३१ तारखेनंतर बाहेर काढीन.

अक्का

---

जांब समर्थ, ता. घनसावंगी
२१ जानेवारी १९९७

अक्का,

मानपत्र झालं. प्लायवर हस्तिदंती रंगाचे तीन हात, निळी अक्षरं, सोनेरी वेलबुट्टी. वेलबुट्टीत कापसाची बोंडं काढली आहेत, त्याला कळणार न्हाई. निर्झर लिहिला, तृषार्त लिहिला, ऋषितुल्य लिहिताना शिवी आली ती तोंडातच ठेवली. असलं सुंदर अक्षर माझ्या हातून पुन्हा निघणार न्हाई आणि ते असल्या माणसापायी गेलं याचा राग मला मरेपर्यंत राहील.

एक जागा सोडली आहे. सातवी ओळ. "ज्यांनी" आणि "संशोधकांना" याच्यामध्ये दोन अक्षरांची जागा मोकळी आहे. मी चार वेळा ब्रश टेकवला, हात होईना. मी पाट्या रंगवणारा माणूस आहे. दुकानात नसलेला माल मी पाटीवर लिहीत न्हाई. इथल्या एका किराणावाल्यानं मला 'शुद्ध तूप' लिहायला सांगितलं, मी म्हटलं आधी डबा दाखव. त्यानं दाखवला न्हाई, मी लिहिलं न्हाई, त्याच्या भिंतीवर आता नुसतं 'तूप' आहे.

तर आकडा तू भर. सोबत तीन नंबरचा ब्रश आणि निळ्या रंगाची बाटली दिली आहे. झाकण घट्ट आहे, फडक्यानं धरून फिरव. काच लावली न्हाई. तुला चौदा लिहायचं तर चौदा लिही, माझं काही म्हणणं न्हाई. ते तुझं नाव आहे, तुझी सहा वर्षं आहेत.

एकच विचारतो. त्यानं प्रबंध वाचला म्हणतेस. मंग त्यातलं एखादं गाणं, एक ओळ, त्यानं तुला कधी म्हणून दाखवली का? कच्चं कोणत्या पानावर आहे ते कधी सांगितलं का?

पाटी शिवाजी कंडक्टरच्या हातात दिली आहे, तो जालना डेपोचा आहे, गोणपाट काढू नको म्हटलं आहे.

देवा

---

जालना
३० जानेवारी १९९७

देवा,

सगळं क्रमानं लिहिते, नाहीतर मलाच समजणार नाही.

तुझी पाटी २३ तारखेला आली. आकडा मी भरला नाही. रोज ब्रश काढायचे आणि ठेवायचे. तुझा प्रश्न डोक्यातून जाईना. सरांनी एक ओळही कधी म्हटली नव्हती. पान नंबर कधी सांगितला नव्हता. "एकूण मांडणीत", "दृष्टिकोनात", असंच.

परवा, २८ ला सकाळी सातला भिवामामा दारात. सरांच्या गाडीत पुढं बसून आला होता, हारतुऱ्यांची पिशवी घेऊन. दुसऱ्या हातात गोणी.

"बाई," म्हणाला, "सायबानं काल कपाट रिकामं कराया लावलं. रद्दीवाल्याला दे म्हणले. ह्ये त्यात निघालं. लुगडं बघितलं आन् मला देवानंद आठवला, डोक्यावर घिऊन आल्ता त्यो."

देवा, गाठ तशीच होती. दोन फेरे, टोक आत. धडप्याच्या घड्यांत धूळ बसून रेघा पडलेल्या. त्याच्यावर सुतळीनं बांधलेले माझे चार लखोटे, तिसऱ्या प्रकरणाचे. चारही मी डिंकानं चिकटवले होते तसेच चिकटलेले.

सहा वर्षांत त्या माणसानं ते एकदाही उघडलं नव्हतं.

मी रडले नाही, हे लक्षात ठेव. भिवामामाला चहा दिला. तुझी बाटली फडक्यानं धरून उघडली आणि मोकळ्या जागेत लिहिलं, तेरा. वाकडं आलंय. रंग अर्धवट ओला असतानाच हॉलवर नेलं.

हॉल भरला होता. व्यासपीठावर सर, कुलगुरू, साहेबराव. माय तिसऱ्या रांगेत, नव्या पांढऱ्या साडीत, चपला पायांखाली दाबून. शाल झाली, श्रीफळ झालं. मी मानपत्र वाचायला उभी राहिले. निर्झर वाचला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. सातवी ओळ आली. "ज्यांनी तेरा संशोधकांना."

सर माइककडं वाकले. "चौदा. चौदा आहे ते, सत्यशीला."

लोक कौतुकानं हसले. मी म्हटलं, "सर, चौदावा इथं आहे," आणि टेबलाखालून गाठोडं काढून नारळाशेजारी ठेवलं. भिवामामानं आधीच आणून ठेवलं होतं. "सहा वर्षं तुम्ही हे वाचत होतात. सगळ्यांसमोर एवढी गाठ सोडा, आणि तिसऱ्या प्रकरणात काय कच्चं आहे ते कुलगुरूंना दाखवा."

साहेबराव माझ्या कानाशी, "बाई, बसा. बाई, काय चालवलंय?" कुलगुरू गाठोड्याकडं बघत राहिले. सरांना वाटलं असेल गाठ सोडण्यात काय आहे, दोन मिनिटांचं काम. हसत हात घातला आणि ओढली. ती आवळली. पुन्हा ओढली. अंगावरची शाल खाली घसरली. कोणीतरी ओरडलं, "कात्री आणा, कात्री!"

तेव्हा माय उठली.

"कात्री लावू नका! माझं लुगडं हाय त्ये." सगळा हॉल मागं वळला. ती तशीच अनवाणी पुढं आली. "आन् वढू बी नका सायेब. ती वढून सुटत न्हाई. एकदा उघडली असती तर ठावं असतं तुमाला."

सर म्हणाले, "मी दुसरी प्रत वाचली होती." कुलगुरूंनी मला विचारलं, "दुसरी प्रत होती का?" मी म्हटलं, "फिकी कार्बन प्रत आहे, ती माझ्या ट्रंकेत आहे." मायनं गाठोडं उचलून काखेत घेतलं, वेचलेला कापूस घेते तसं, आणि मला म्हणाली, "चल."

आता बाकीचं ऐक. काल कुलगुरूंनी बोलावलं होतं. एक वर्षाची मुदत दिली आणि मार्गदर्शक बदलायचा अर्ज घेतला. पण नवा मार्गदर्शक कोण होणार? विभागात दोघांना विचारलं. एक म्हणाला बघू, दुसऱ्यानं मला बघूनच दार लावलं. आणि आज प्राचार्यांनी कळवलंय, सोमवारपासून तास घ्यायला येऊ नका, विद्यार्थ्यांपुढं चुकीचा आदर्श जातो.

म्हणजे सहीही नाही आणि तासही नाहीत. तू म्हणशील शाबास अक्का. म्हणू नकोस. मला त्यांचा राग येतोच, पण त्याहून जास्त माझा येतो. न वाचलेल्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण मी चारदा बदललं! जे बरं होतं ते माझ्या प्रतीतूनही काढून टाकलं! गाठोडं खाटेवर आहे, मी अजून उघडलेलं नाही. त्यातलं पहिलं लिहिलेलं तिसरं प्रकरण कसं होतं हे आता मला आठवतसुद्धा नाही.

सर मानपत्र न घेताच गेले. भिवामामानं माझ्या रिक्षात टाकलं. तुला पाठवते आहे. मला घरात नको.

अक्का

---

आष्टी, ता. परतूर
९ फेब्रुवारी १९९७

अक्का,

काय वाकडं लिहिलंस गं तेरा! त्याची मान एकीकडं, मात्रा दुसरीकडं. लहानपणी तुला पाटी धरायला मी शिकवायला पाहिजे होतं.

मी मायकडं आलो. ती आठवडी बाजारात बसलेल्या प्रत्येक बाईला ते सांगून राह्यली, आणि दरवेळी थोडं वाढवून. कालच्या सांगण्यात कुलगुरू तिच्या पाया पडला होता. तिला थांबवू नको. तिची गाठ बघायला आजवर एवढे लोक कधी जमले न्हाईत.

तुला शाबास म्हणणार न्हाई, तू नको म्हणालीस. पण स्वतःवरचा राग पुरे कर, तो त्याच्या वाट्याचा आहे, तू त्यातला कण पण ठेवून घेऊ नको. त्या प्राचार्याच्या कॉलेजची कमान मीच रंगवली होती. त्या कमानीला मी पुन्हा ब्रश लावणार न्हाई, येऊ दे त्याला पावसाळ्यात रंग उडाल्यावर.

मानपत्र शिवाजी कंडक्टरनं आणून दिलं. इथं भुजंगला पंक्चरच्या दुकानासाठी पाटी पाहिजे होती. प्लाय चांगलं आहे, वाया का घालवा. मी पॉलिश पेपर घेतला आणि निर्झर घासला, तृषार्त घासले, ऋषितुल्य तर दोनदा घासला. माझी सगळ्यात चांगली अक्षरं माझ्या हातानं भुसा केली आणि राग तसूभर कमी झाला न्हाई. सातव्या ओळीवर आलो. तुझ्या दोन अक्षरांवर पेपर फिरवायला हात पुढं होईना. ती तेवढी ठेवली. मंग पाटी उलटी केली आणि दुसऱ्या अंगाला लिहिलं, 'पंक्चर काढून मिळेल'.

आता ती भुजंगच्या दारावर आहे. आत सायकल उलटी करून बसलेल्या माणसाला मागची बाजू दिसते, कडेला बोंडांची वेलबुट्टी, बाकी सगळं हस्तिदंती कोरं आणि मधोमध वाकडं तेरा. लोक विचारतात, तेरा काय? भुजंग म्हणतो, "माझ्या पाटीवाल्याच्या बहिणीला विचारा."

भिवामामाचा निरोप आला. नव्या साहेबानं विचारलं, दारावरच्या पाटीवर खाली लाकूड मोकळं का सोडलंय, कापून टाकू का? भिवामामानं सांगितलं, पेंटर येणार हाय. बराबर सांगितलं.

मायचा निरोप: टोक अंगठ्यानं वर ढकल, ओढू नको. लखोटे फेकून दे. खालचं तिसरं प्रकरण काढ आणि मोठ्यानं वाच, तिला ऐकायचंय, ती शुक्रवारच्या गाडीनं येऊन राह्यली.

देवा